एसी-फ्रिज रिपेअरिंगचा धंदा सुरू करायचाय, बसायचं कुठे? पणजी, म्हापसा, फोंडा की मडगाव?

कोल्डरूम_डिचोली:

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा मोठा आहे, सवडीने वाचा पण उत्तर द्या.

मी डिचोलीचा. आयटीआयला रेफ्रिजरेशन-एसीचा ट्रेड केला आणि तेव्हापासून वेर्ण्याला एका औषध कंपनीत मेंटेनन्सला आहे. चिलर, एएचयू (थंड हवा खेळवणारी मोठी युनिट), क्लीन रूमचं टेंपरेचर-ह्युमिडिटी सांभाळणं हे सगळं हाताखालून गेलंय. सकाळी काळोखात कंपनीची बस पकडायची, दिवेलागणीला घरी यायचं आणि मुलीने शाळेत काय केलं ते बायकोकडून ऐकायचं, असं चाललंय. आता स्वतःचं सुरू करायचं हे पक्कं ठरलंय, त्यात काही शंका नाही. घरगुती एसी-फ्रिज, हॉटेल-बारचे डीप फ्रीजर, कोल्डरूम यांची दुरुस्ती आणि वर्षाच्या मेंटेनन्सची कंत्राटं. सोबत मामेभाऊ आहे, तो लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन.

अडलंय ते जागेवर. घरात रोज जेवताना हाच विषय. सासरे म्हणतात पणजीलाच दुकान घाल, राजधानी आहे, नाव होतं. मामेभाऊ म्हणतो म्हापसा, कारण किनारा जवळ आणि मोपाचा विमानतळ झाल्यापासून पेडण्यात जिकडे बघावं तिकडे हॉटेलं उभी राहतायत. कंपनीतले एक सिनियर म्हणतात फोंडा, सगळ्या गोव्याच्या मधोमध. आणि बाबांचं म्हणणं, घरचा भाग सोडू नको, डिचोलीतच बस. बाबांचं मन मोडायचं नाही पण मला धाकधूक वाटते, कारण आमच्या डिचोली-साखळीने खाण बंद पडताना बघितलीय. २०१२ ला पहिल्यांदा बंद झाली, मधे थोडी चालू झाली आणि २०१८ च्या मार्चात सुप्रीम कोर्टाच्या निकालाने परत ठप्प झाली. ट्रकवाले तर बसलेच पण त्यांच्याबरोबर गॅरेजवाले, टायरवाले, चहाची हॉटेलं पण बसली. एकाच धंद्यावर उभ्या असलेल्या भागात आपलं सगळं गुंतवायचं का, हा विचार सारखा डोक्यात येतो.

साठवलेले सहा लाख आहेत, बाकी कर्ज काढावं लागेल. एक सेकंडहँड व्हॅन, दोन स्कूटर, रिकव्हरी मशीन, व्हॅक्युम पंप, गॅस, स्पेअर पार्ट आणि एक गाळा एवढं लागेल. ज्यांनी गोव्यात स्वतःचा धंदा उभा केलाय त्यांनी कृपया सांगा, गाव निवडताना तुम्ही नेमकं काय बघितलं?


बार्देशकर:

बाळा, माझं म्हापशात इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासून, तेव्हा मी म्हापशाच्या बाजूनेच बोलणार हे धरून चाल. पण कारणं सांगतो, ती तपासून बघ.

म्हापशाचा शुक्रवार तुला ठाऊक आहे. त्या दिवशी सगळा बार्देश तालुका, अर्धा पेडणे आणि तुमच्या डिचोलीतले लोक बाजाराला येतात, तिकडे सावंतवाडी-बांद्याकडचे पण उतरतात. तू कुठे आहेस हे माणसांना सांगायला वेगळी जाहिरात लागत नाही, एकदा काम चांगलं केलं की पुढच्या शुक्रवारी तोच माणूस दुसऱ्याला घेऊन येतो. आणि हॉटेलांचं म्हणशील तर कळंगुट, बागा, हणजूण, वागातोर सगळं इथून जवळ, वर मोरजी-मांद्रे-हरमल. मोपाची विमानं २०२३ च्या जानेवारीत सुरू झाली, त्यानंतर पेडण्यातली गिऱ्हाइकं माझ्या दुकानात दिसायला लागली, आधी ती फार कमी असायची. केबल, एमसीबी, स्टॅबिलायझर नेणारा माणूस हाच उद्या तुला एसीला बोलावणार.

आता वाईट बाजू. किनाऱ्यावर मिठाची हवा. आउटडोअर युनिटच्या ॲल्युमिनियमच्या फिन्स पांढऱ्या भुकटीसारख्या झडतात, कॉईलला भोकं पडतात. म्हणजे तुला काम भरपूर, पण मेंटेनन्सचं कंत्राट घेताना सावध राहा. डिचोलीतल्या एसीचा आणि समुद्रासमोरच्या एसीचा वर्षाचा दर एकच लावलास तर किनाऱ्यावरची कंत्राटं तुझे पैसे खाणार. तिथे कॉईल कंत्राटाबाहेर ठेव आणि महिन्या-दीड महिन्याने गोड्या पाण्याने धुवायचं काम कंत्राटात घाल.

गाळा बाजारात घेऊ नको मात्र. पार्किंगला जागा नाही, व्हॅन उभी करायची कुठे. बाजाराच्या बाहेर, करासवाडा किंवा धुळेरच्या बाजूला बघ.


सांतिनेजची_बेकर:

दादा, मी तुमच्या गिऱ्हाइकाच्या बाजूने बोलते. सांतिनेजला माझं छोटं बेकरी-केकचं युनिट आहे, डीप फ्रीजर, दोन उभे फ्रिज आणि काउंटरचा डिस्प्ले चिलर. डिस्प्ले बंद पडला की तासाभरात क्रीम उतरायला लागतं, ऑर्डर वाढदिवसाची असते आणि लोक संध्याकाळी सहाला दारात उभे. गेल्या मे महिन्यात एका मेकॅनिकला फोन केला तर "येतो येतो" करत तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला. त्याचं दुकान माझ्यापासून चालत जाण्याइतकं जवळ, बोर्ड एवढा मोठा, आणि तरी तो आला नाही कारण माणसं सगळी दुसऱ्या कामावर गेली होती. आता मी ज्याला बोलावते त्याचं दुकान मी कधी बघितलेलं नाही, तो कुठेतरी खोर्लीला राहतो, पण फोन उचलतो, किती वाजता येणार ते सांगतो आणि त्या वेळेला येतो. दुकान पणजीत आहे की नाही याने मला काही फरक पडत नाही, हे अगदी मनापासून सांगते.

म्हणून सासऱ्यांना सांगा की १८ जून रस्त्यावर दुकान घेतल्याने नाव होत नाही. तिथलं भाडं कपड्यांच्या, दागिन्यांच्या दुकानांना परवडतं कारण माणूस चालता चालता आत शिरतो. बिघडलेला फ्रिज डोक्यावर घेऊन तुमच्या दुकानात कोण येणार? तुमचं काम गिऱ्हाइकाच्या घरी आहे.

पणजीत काम मात्र आहे, ते सोडू नका. पाटोवरची ऑफिसं, बँका, मिरामार-ताळगावचे फ्लॅट, बांबोळीकडचे दवाखाने, आणि ऑफिसांचं काम बारा महिने असतं. फक्त येण्याजाण्याचं गणित नीट करा. म्हापशाहून पणजी कागदावर तेरा-चौदा किलोमीटर, पण पर्वरीच्या उड्डाणपुलाचं काम सुरू झाल्यापासून तिथे किती वेळ जाईल हे कोणी छातीठोक सांगू शकलेलं नाही. आणि तुम्ही स्कूटर म्हणताय, मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकी घेत नाहीत, खालच्या जुन्या पुलांवरूनच यावं लागणार. संध्याकाळी कॅसिनोची गर्दी असते तेव्हा तो सगळा भाग तुंबतो. तर पणजीची कामं सकाळी लवकर ठेवा, दुपारच्या आत पूल ओलांडून परत.


अंत्रुजवाला:

मी फोंड्याचा, कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये छोटं फॅब्रिकेशनचं युनिट आहे. वरच्या दोघांनी जे लिहिलंय ते बरोबर आहे पण एक गोष्ट दोघांनी सोडली, ती म्हणजे पाऊस.

गोव्यात धंद्याची जागा निवडताना डिसेंबरात बघू नये, डिसेंबरात सगळीकडे पैसा दिसतो. जुलैत बघावी. जून ते सप्टेंबर, या चार महिन्यांत त्या गावात तुझं काम कोण देणार आणि रोख पैसा कोण देणार एवढं लिहून काढ. किनाऱ्यावरची बरीच शॅक आणि लहान हॉटेलं बंद असतात किंवा अर्धी चालू. घरगुती एसी लोक बंद ठेवतात, थंडच असतं. तुझ्या दोन टेक्निशियनचा पगार मात्र जुलैतही द्यायचाय, व्हॅनचा हप्ता द्यायचाय. मी माझ्या आजूबाजूला धंदे बंद पडलेले बघितलेत ते बहुतेक सीझनमध्ये चांगले चालणारे होते, ऑगस्टमध्ये खिशात काही उरलं नाही म्हणून बंद झाले.

आता फोंड्याकडे बघ. कुंडई, मडकई, बेतोडा या तीन इस्टेट पावसात बंद होत नाहीत. कंपन्यांचे पॅनल रूम, सर्व्हर रूम, लॅब, ऑफिस, सगळीकडे एसी लागतोच, कधी कधी पावसातच जास्त कारण दमटपणा. कुर्टीला गोवा डेअरी, आणि गावोगावच्या दूध सोसायट्या, तिथे दूध थंड ठेवावंच लागतं, पाऊस असो नाहीतर ऊन. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे इथे मुंबई-पुण्याहून कुळावी, म्हणजे कुलदेवतेचे भक्त, वर्षभर येतात, देवस्थानांच्या अग्रशाळांमध्ये (भक्तांच्या उतरायच्या जागांत) आता एसी खोल्या आहेत, लग्नाची सभागृहं आहेत. फर्मागुडीला इंजिनियरिंग कॉलेज, आयआयटीचे वर्ग, आयटीआय. आयटीआय तुला फार महत्त्वाची, कारण तुला पोरं लागणार. दोन हुशार ॲप्रेंटिस हाताशी मिळाले तर तुझा धंदा चालला असं समज. अर्थात आयटीआय डिचोलीत पण आहे आणि म्हापशात पण, तेव्हा त्यात फोंड्याची मक्तेदारी नाही.

फोंड्यातून मडगाव वीसेक किलोमीटर, पणजी तीसेक, आणि अनमोडमार्गे बेळगावची गाडी इथूनच जाते, कंप्रेसर-पार्ट बेळगाव-हुबळीहून मागवणारे आहेत इथे. तोटा एवढाच की किनारा लांब. कळंगुटला फ्रीजर बंद पडला तर फोंड्याहून निघून तू तिथे पोचेपर्यंत त्याचे मासे गेले.

आणि तुझ्या बाबांचं म्हणणं एका वाक्यात उडवू नको. खाणीची भीती खरी आहे, पण तू खाणीच्या ट्रकवर अवलंबून राहणार नाहीस, फ्रिज प्रत्येक घरात आहे.


साष्टीकर:

मडगाव कोणी का बोलत नाही? पात्रांव, तू वेर्ण्यात काम केलंस, तिथले मेंटेनन्सचे लोक तुला नावाने ओळखतात, ही ओळख तू वाऱ्यावर सोडून म्हापशाला जाणार? नवीन धंद्यात पहिली पाच कामं ओळखीतूनच येतात. वेर्णा इस्टेट मडगावपासून हाकेच्या अंतरावर. मडगावात घाऊक मासळी मार्केट आहे, कुटबणची जेटी आहे, बर्फाचे कारखाने, मासळीची कोल्ड स्टोरेज. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात तेव्हा हेच लोक मशीनं उघडून दुरुस्तीला काढतात, म्हणजे अंत्रुजवाल्याच्या चार महिन्यांतले दोन महिने तुला काम. कोल्डरूम हेच तुझं नाव आहे ना, मग जिथे कोल्डरूम आहेत तिथे ये.

साष्टीतलं, म्हणजे या मडगावच्या तालुक्यातलं, आणखी एक, जे बाहेरच्याला लवकर कळत नाही. इथली पुष्कळ घरं वर्षातले दहा महिने बंद असतात, माणसं गल्फला, इंग्लंडला, बोटीवर. डिसेंबरात आणि मेमध्ये येतात आणि येण्याआधी त्यांना घर तयार पाहिजे, एसी धुतलेला, फ्रिज चालू. चावी शेजाऱ्याकडे असते. एकदा विश्वास बसला की ते चावी तुझ्याकडे ठेवतात आणि पैसे आगाऊ पाठवतात, भाव करत नाहीत. आमच्या वाड्यावर एक प्लंबर केवळ अशा बंद घरांवर सुखात राहतोय.


कोल्डरूम_डिचोली:

सगळ्यांना देव बरें करूं, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

साष्टीकरदादा, तुमचं पटतंय, पण डिचोलीहून मडगाव म्हणजे मी आज जो प्रवास करतोय तोच परत, आणि घर हलवणं आईच्या तब्येतीमुळे शक्य नाही. वेर्ण्यातल्या ओळखीचं मात्र लक्षात ठेवलंय. अंत्रुजवाले काका, जुलैचा हिशेब आज रात्रीच बायकोबरोबर बसून लिहितोय, हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. ताई, सासऱ्यांना तुमची पोस्ट वाचून दाखवली, ते गप्प झाले आणि मग म्हणाले "बरोबर आहे तिचं".

एक गोष्ट माझ्या कामातली सांगतो जी जागेला लागू पडते. आता नवीन एसीत आर-३२ गॅस असतो आणि बऱ्याच नवीन फ्रिज-फ्रीजरमध्ये आर-६००ए नाहीतर आर-२९०, आणि हे पेट घेणारे गॅस आहेत, आर-३२ कमी, बाकीचे दोन चांगलेच. तेव्हा सिलिंडर ठेवायचे, ब्रेझिंग (आगीवर पाइप जोडणं) करायचं तर फ्लॅटच्या खालचा गाळा मला नको, लोक राहतात वर. हवा खेळती पाहिजे, जमिनीलगत हवा बाहेर जायला वाट पाहिजे कारण हे गॅस हवेपेक्षा जड असतात, खाली साठतात. म्हणजे शहरातल्या बिल्डिंगमधले बरेच गाळे इथेच बाद.

आता विचारायचंय ते कर्जाचं आणि कागदांचं. पालिकेत धंदा घातला आणि पंचायतीत घातला यात काही फरक पडतो का? आणि जीएसटी लगेच घ्यावा का?


हिशेबनीस:

कोल्डरूम, मी लहान धंद्यांचे हिशेब आणि कर्जाच्या फायली करतो, त्यामुळे हे रोजचं आहे. फरक पडतो, आणि तुझ्या बाबतीत चांगलाच पडतो.

पीएमईजीपी म्हणून केंद्राची योजना आहे, जिल्हा उद्योग केंद्र आणि खादी ग्रामोद्योगमार्फत चालते, अर्ज ऑनलाइन. सर्व्हिस धंद्याला २० लाखांपर्यंतचा प्रोजेक्ट बसतो. जनरल वर्गातल्या माणसाला शहरी भागात १५ टक्के सबसिडी आणि ग्रामीण भागात २५ टक्के. महिला, ओबीसी, एससी, एसटी, माजी सैनिक वगैरेंना शहरात २५ आणि ग्रामीणमध्ये ३५. पंचायतीखालचा भाग ग्रामीण धरतात. समज तुझा प्रोजेक्ट १२ लाखांचा, तू जनरलमध्ये. डिचोली किंवा म्हापसा पालिकेच्या हद्दीत बसलास तर १ लाख ८० हजार, आणि पालिकेची हद्द ओलांडून शेजारच्या पंचायतीत बसलास तर ३ लाख. मधे दोन किलोमीटर. तुझा हिस्सा १० टक्के, तो तर तुझ्याकडे आहेच. सबसिडी लगेच हातात येत नाही, बँकेत तीन वर्षं तुझ्या नावाने बाजूला राहते आणि मग कर्जात वळती होते, त्यामुळे हप्ते फेडायची तयारी पूर्ण रकमेची ठेव. मुख्य म्हणजे ही योजना नवीन धंद्यालाच आहे. आधी दुकान उघडून मग अर्ज केलास तर मिळणार नाही, तेव्हा मंजुरीच्या आत बोर्ड लावू नको, आणि अर्जाआधी त्या वर्षीचे नियम जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन एकदा विचार. राज्याची मुख्यमंत्री रोजगार योजना ईडीसीमार्फत, म्हणजे राज्याच्या आर्थिक विकास महामंडळामार्फत आहे, पणजीत आत्माराम बोरकर रस्त्यावर त्यांचं ऑफिस, तिथे पण चौकशी कर आणि दोन्ही शेजारी ठेवून बघ.

जीएसटी. सर्व्हिसला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की सक्तीचा. पहिल्या वर्षी कदाचित जाणार नाही. पण हॉटेलं आणि कंपन्या जीएसटीचं बिल मागतात, घरगुती गिऱ्हाईक मागत नाही, उलट त्याला टॅक्स जास्त वाटतो. म्हणजे तुझं काम कोणाकडे जास्त यावर ठरव, वेर्णा-कुंडईच्या कंपन्या धरणार असशील तर स्वतःहून घेऊन टाक.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची केंद्राकडची नोंदणी, मात्र मंजुरी आली की लगेच कर, सरकारी वेबसाइटवर फुकट होते, पैसे मागणारे एजंट टाळ. ती का, तर हॉटेलवाले बिल लटकवतात. उद्यम असलेल्या लहान धंद्याचे पैसे कायद्याने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, आणि उशीर केला तर त्या गिऱ्हाइकाला तो खर्च त्या वर्षीच्या इन्कम टॅक्समध्ये धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच धरता येतो. ही दुसरी गोष्ट हॉटेलच्या अकाउंटंटला चांगली ठाऊक असते, बिलावर उद्यम नंबर छापलेला दिसला की तो मार्च संपायच्या आत फोन करतो. कंत्राट तोंडी कधी घेऊ नको.

आणि गाळा बघशील तेव्हा आधी कागद बघ. घर नंबर व्यापारी वापराचा आहे का, ऑक्युपन्सी (इमारत वापरायचा दाखला) आहे का. भाटकार, म्हणजे जागेचा मालक, म्हणेल "सगळं आहे, मागाहून देतो", तर मागाहून नको, आधी. ट्रेड लायसन्सची फाईल इथेच अडते.


बार्देशकर:

हिशेबनीसने पंचायतीचं काढलं ते फार बरं झालं, ते वाचल्यावर मला एक जागा डोळ्यासमोर आली. कोल्डरूम, तू डिचोलीहून म्हापशाला येताना अस्नोड्यावरून येतोस ना? मग अस्नोड्यातच का बघत नाहीस? बार्देशात आहे पण पंचायत. म्हापसा तिथून जवळ, डिचोली मागे, थिवीची इंडस्ट्रियल इस्टेट आणि रेल्वे स्टेशन बाजूला, दोडामार्गचा रस्ता तिथून फुटतो. घर तुझं हलत नाही, मुलीची शाळा तीच राहते. सुटे, बसके गाळे मिळतात, वर बिऱ्हाड नसलेले, तुला गॅससाठी पाहिजे तसे. आणि म्हापशातलं नाव पाहिजे असेल तर माझ्या दुकानाच्या काउंटरवर तुझं कार्ड ठेव, मला त्याचे पैसे नकोत, गिऱ्हाईक मला विचारतंच की एसीला कोण आहे.

अंत्रुजवाल्याशी माझं एका बाबतीत पटत नाही. पावसात किनाऱ्याला काम नाही हे अर्धंच खरं. पहिल्या वीजगडगडाटात जूनच्या तोंडाला आणि परत ऑक्टोबरात इन्व्हर्टर एसीचे पीसीबी (आतले इलेक्ट्रॉनिक बोर्ड) उडतात, मला माहीत आहे कारण तेव्हाच माझे स्टॅबिलायझर आणि सर्ज प्रोटेक्टर जातात. आणि बंद हॉटेलांची कामं ऑगस्ट-सप्टेंबरात निघतात कारण ऑक्टोबरला दार उघडायचं असतं, चवथ (गणेशचतुर्थी) संपली की सगळ्यांना एकदम जाग येते. मधला जुलै मात्र कठीण, तिथे मी त्याचं ऐकतो.


अंत्रुजवाला:

पीसीबीचं मान्य. आणि अस्नोडा चांगली जागा आहे, फोंड्याचा हट्ट मी सोडला. पण जुलैसाठी सीझन नसलेली दोन-तीन कंत्राटं आधी हातात घे आणि मगच नोकरी सोड. दवाखाने, औषधांची घाऊक दुकानं, दूध सोसायट्या, बँका. थिवी इस्टेटमध्ये स्वतः फिर, गेटवरच्या माणसाकडे कार्ड देऊन येऊ नको, मेंटेनन्सच्या माणसाला भेट, तू त्यांची भाषा बोलतोस. कुंडईत माझ्या ओळखीतल्या दोन युनिटमध्ये सध्याच्या मेंटेनन्सवाल्यावर नाराजी आहे, मेसेज कर, नंबर देतो. अस्नोड्याहून कुंडई लांब पडतं पण महिन्यातून एकदा ठरलेल्या दिवशी यायला काही हरकत नाही.


सांतिनेजची_बेकर:

दादा, अस्नोड्याहून सांतिनेजला तासाभरात याल का? याल तर माझं कंत्राट घ्या, आणि आमच्या बेकर बायकांचा एक ग्रुप आहे पणजी-ताळगावचा, सगळ्यांकडे फ्रीजर आहेत. एकेकटीसाठी पूल ओलांडणं तुम्हाला परवडणार नाही, पण सगळ्यांची सर्व्हिसिंग एकाच सकाळी लावली तर दोघांचंही जमेल. अडीअडचणीला मात्र फोन उचलायचा.


कोल्डरूम_डिचोली:

ताई, बंद पडलेल्या डिस्प्लेला सकाळची वेळ असेल तर तासाभरात, संध्याकाळी पर्वरीमुळे तासाभराचा शब्द देत नाही, दीड तास धरा. त्यापेक्षा जास्त लागणार असेल तर निघतानाच सांगीन. आणि मी काय करीन, तुमच्या भागासाठी एक छोटा चिलर बदली म्हणून ताळगावच्या मावशीकडे ठेवीन, मशीन उघडून बसायची वेळ आली तर तुमचं क्रीम त्यात जाईल.

अंत्रुजवाले काका, मेसेज केलाय. बायकोबरोबर जुलैचा कागद केला, घरगुती काम शून्य धरून आणि हॉटेलं निम्मी धरून, तर चार पक्की कंत्राटं असल्याशिवाय दोन टेक्निशियन ठेवता येत नाहीत असं निघतंय. म्हणून सुरुवात मी, मामेभाऊ आणि डिचोलीच्या आयटीआयचा एक ॲप्रेंटिस. दुसरी स्कूटर नंतर. राजीनामा पीएमईजीपीचं मंजुरीचं पत्र आल्यावरच.

रविवारी अस्नोड्याला दोन गाळे बघायला जातोय, एक मुळगावच्या रस्त्याला पण आहे. बार्देशकर काका, तुम्ही याल का बरोबर? थ्री फेज कनेक्शन आहे असं दोघेही मालक सांगतायत पण मंजूर लोड किती ते कोणाला सांगता येत नाहीये.


बार्देशकर:

येतो. सकाळी नवाच्या आत ये, नंतर मला चर्चनंतरची गिऱ्हाइकं असतात. मालकांना जुनं विजेचं बिल काढून ठेवायला सांग, मंजूर लोड बिलावरच छापलेला असतो. टेस्टर आणि क्लॅम्प मीटर मी घेतो.